बेटे, वटवाघळे आणि वॉलेस

१८६२ सालच्या आरंभी एक उंच, दाढीवाला, चष्मा लावणारा इंग्रज मायदेशी परतताना मुंबईत आठवडाभर उतरला होता. तो कोणी बडा साहेब नव्हता. त्याच्याजवळ हुद्दा नव्हता, पदवी नव्हती, आणि खिशातही फारसे काही नव्हते. त्याच्यासोबत मात्र दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. सिंगापुरात १०० पौंड मोजून त्याने ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी घेतले होते. मुंबईच्या मुक्कामाचे एक प्रयोजन म्हणजे प्रवासाचा शीण घालवणे, आणि दुसरे म्हणजे ह्या दोन राजस पाहुण्यांसाठी ताज्या केळ्यांचा साठा करणे. पक्ष्यांना केळी आवडत, तशीच झुरळेही आवडत. पण आगबोटीवर झुरळांचा दुष्काळ! पुढे माल्टा बेटावर एका भटारखान्यात त्याने डबे भरभरून झुरळे पकडली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

हा झुरळे गोळा करणारा गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस. सजीवांची उत्क्रांती नैसर्गिक निवडीने होते हा सिद्धांत डार्विनच्या जोडीने, पण डार्विनहून स्वतंत्रपणे, त्याने मांडला होता. आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना डार्विनचे नाव ठाऊक असते. वॉलेसचे नाव आले तर डार्विनच्या चरित्रातील एका तळटीपेत येते. हा लेख त्या तळटीपेतल्या माणसाविषयी आहे.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समध्ये, अस्क गावाजवळ झाला. नऊ भावंडांत तो आठवा. वडील कायदा शिकलेले, परंतु त्यांनी वकिली कधी केली नाही, आणि जे होते ते भलत्या व्यवहारांत घालवले. घर लहान होत गेले, भाडे स्वस्त होत गेले, आणि चौदावे वर्ष लागता लागता आल्फ्रेडची शाळा सुटली ती कायमची. थोरला भाऊ विल्यम जमिनीची मोजणी करी. त्याच्या हाताखाली साखळी ओढत, नकाशे काढत हा पोरगा वेल्सच्या डोंगरांतून हिंडू लागला. दिवसभर पायाखाली गवत आणि रानफुले. त्यांची नावे तरी कळावीत म्हणून त्याने वनस्पतिशास्त्राचे एक स्वस्तातले पुस्तक घेतले. विद्यापीठ म्हणाल तर हेच.

काम मंदावले तेव्हा १८४४ साली तो लेस्टरच्या एका शाळेत मास्तर झाला. तेथील वाचनालयात दोन गोष्टी घडल्या. माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध त्याने वाचला, आणि हेन्री बेट्स नावाचा त्याच्याहून लहान मित्र त्याला भेटला. बेट्सला भुंगेऱ्यांचे वेड होते. एखाद्या गावाच्या आसपास भुंगेऱ्यांच्या हजारभर जाती सापडू शकतात हे ऐकून वॉलेस थक्कच झाला. एवढ्या जाती आल्या कोठून, आणि प्रत्येकीचे गाव वेगळे का, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या मानगुटीवर बसला. पुढील वर्षी विल्यम वारला. पोटापाण्याची मोजणी पुन्हा सुरू झाली, पण मन तीत नव्हते. १८४८ साली दोघे मित्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात जायला निघाले. जवळ पैसे नव्हतेच. पक्षी, फुलपाखरे, किडे पकडून लंडनच्या दलालाकडे पाठवायचे आणि विक्रीतून गुजराण करायची, असा बेत होता.

चार वर्षे तो ॲमेझॉन आणि रिओ नेग्रोच्या पाण्यावर हिंडला. धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला आणि १८५१ साली परा बंदरात पिवळ्या तापाने मेला. वॉलेस त्या वेळी आत, शेकडो मैलांवर होता. अखेर स्वतःही तापाने खंगून तो १८५२ च्या जुलैत ‘हेलन’ नावाच्या जहाजाने घरी निघाला. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. केबिनमध्ये धूर भरत असताना त्याने एका पत्र्याच्या पेटीत माशांची व ताडांची काही चित्रे आणि थोडी टिपणे कोंबली, आणि दोराला धरून होडीत उतरताना हाताची कातडी सोलवटून घेतली. बाकी सारा संग्रह, त्याच्या स्वतःसाठी राखून ठेवलेल्या दुर्मिळ जाती, वह्या, जिवंत माकडे आणि पोपट त्याच्या डोळ्यांदेखत जळाले. दहा दिवस गळक्या होडीत काढल्यावर दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचलले. दलाल मोठा सज्जन. त्याने परस्पर २०० पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता, म्हणून लंडनला पोहोचल्यावर अंगावर कपडे तरी चढले.

असा माणूस पुन्हा समुद्राचे नाव काढणार नाही असे कोणालाही वाटेल. प्रवासात त्याने तशी शपथही घेतली होती म्हणतात. पण दीड वर्षातच तो पुन्हा बोटीवर चढला, आणि एप्रिल १८५४ मध्ये सिंगापूरला उतरला.

आता ज्या आठ वर्षांनी वॉलेसला वॉलेस केले त्यांकडे येऊ. मलाया द्वीपसमूह, म्हणजे आजचा मलेशिया, इंडोनेशिया आणि न्यू गिनीकडचा मुलूख. नकाशावर पाहिले तर कोणीतरी मूठभर खडे समुद्रात भिरकावून द्यावेत तशी बेटे! ह्या बेटांतून वॉलेसने सुमारे १४,००० मैल प्रवास केला, तोही बहुतेक देशी होड्यांतून. गोळा केलेल्या नमुन्यांची संख्या त्याने स्वतःच १,२५,६६० अशी दिली आहे. त्यांपैकी ८३,२०० तर नुसते भुंगेरे होते, आणि सस्तन प्राणी अवघे ३१०.

ह्या आकड्यामागे केवळ त्याचे हात नव्हते. सारावाकमध्ये अली नावाचा एक मलायी मुलगा, पंधरा-एक वर्षांचा असेल, स्वयंपाकी म्हणून त्याच्याकडे राहिला. वॉलेसने त्याला बंदूक चालवायला आणि पक्ष्यांची कातडी सोलून पेंढा भरायला शिकवले. अलीने त्याला मलायी बोलणे शिकवले, होड्या वल्हवल्या, तापात शुश्रूषा केली. १८५८ साली बाचान बेटावर हाच अली एक चमत्कारिक पक्षी कमरेला लटकवून परत आला. छातीवर हिरवी झळाळी, खांद्यावर दोन-दोन लांब पांढरी पिसे. ती स्वर्गपक्ष्याची सर्वस्वी नवी जात ठरली आणि शास्त्रज्ञांनी तिला वॉलेसचे नाव दिले. अलीचे दिले नाही.

त्याच बाचान बेटावर वॉलेसला फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे थवे दिसले. वर्षारंभी ती फळांसाठी येत, दिवसा खाडीतल्या लहान बेटांवर झाडांना हजारोंनी उलटी टांगलेली असत, आणि तेथील लोक काठ्यांनी ती सहज पाडून टोपल्या भरभरून घरी नेत. मसाला घालून नीट शिजवले म्हणजे ती सशासारखी लागतात असा त्याने अभिप्राय दिला आहे. आमच्याकडे वडापिंपळावर लोंबणाऱ्या वटवाघळांकडे पाहून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. पण वॉलेसने सेलेबीस बेटावरून, म्हणजे आजच्या सुलावेसीवरून, पाठविलेल्या नमुन्यांतही चेहऱ्यावर पांढरे पट्टे असलेले एक वटवाघूळ होते. १८६६ साली लंडनच्या संग्रहालयातील ग्रे ह्या प्राणिशास्त्रज्ञाने त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला वॉलेसचे नाव जोडले. हे वटवाघूळ सुलावेसी आणि लगतच्या बेटांवरच राहते. पंख असूनही ते जावा-बोर्निओत गेलेले नाही. तब्बल १४० वर्षे त्याला जगात सख्खे कोणी नाही असे समजले जात होते. २००७ साली फिलिपाइन्समधील मिंदोरो बेटावर त्याचा एक भाऊबंद सापडला.

पंख असून न जाणे, हीच तर सारी गंमत आहे. जून १८५६ मध्ये वॉलेस सिंगापूरहून सुलावेसीला जायच्या धडपडीत होता. थेट होडी मिळेना म्हणून नाइलाजाने तो बालीमार्गे लोंबोकला गेला. दोन्ही बेटे समोरासमोर, मध्ये चिंचोळी सामुद्रधुनी. हवा सारखी, डोंगर सारखे, माती ज्वालामुखीची. बालीत त्याला तांबट, सुतारपक्षी अशी आशियातील ओळखीची मंडळी भेटली. लोंबोकला पाऊल ठेवतो तो पांढरे काकाकुवे, मध खाणारे पक्षी, मातीच्या ढिगात अंडी पुरणारे पक्षी, म्हणजे सारा ऑस्ट्रेलियाचा गोतावळा! होडी चुकली नसती तर हे त्याला दिसलेच नसते.

सामान्य प्रवासी हे लिहून पुढे गेला असता. वॉलेस जमिनीची मोजणी करणारा होता. हद्द कोठून जाते हे पाहायची त्याला सवय होती. त्याने समुद्राच्या खोलीकडे लक्ष दिले. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि बाली ही बेटे उथळ समुद्राने आशियाशी जोडलेली आहेत, तर लोंबोकच्या अलीकडे पाणी खोल आहे. तेव्हा पश्चिमेकडची बेटे एके काळी आशियाच्या भूमीचाच भाग असली पाहिजेत, आणि पूर्वेकडची कधीच नसली पाहिजेत. १८६३ साली त्याने नकाशावर तांबडी रेघ ओढली. पुढे हक्स्लीने तिला वॉलेस रेषा असे नाव दिले. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती, बालीपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत होते, आणि लोंबोकची सामुद्रधुनी तेव्हाही पाण्याखालीच होती, हे आज निश्चितपणे माहीत आहे. वॉलेसजवळ पक्षी, भुंगेरे आणि समुद्राच्या खोलीची काही मापे एवढेच साहित्य होते.

१८५८ च्या फेब्रुवारीत तो मसाल्याच्या बेटांत, तर्नातेच्या परिसरात, हिवतापाने अंथरुणाला खिळला होता. थंडी वाजून येई, मग घाम सुटे, आणि अंगावर कांबळे ओढून विचार करण्यापलीकडे काही करता येत नसे. अशा एका झटक्यात त्याला लेस्टरला वाचलेला माल्थस आठवला. रोग, दुष्काळ, शत्रू हे माणसांची संख्या आवरतात, मग प्राण्यांचीही आवरत असतील. अशा वेळी जगतो कोण? जो परिस्थितीला अधिक योग्य तो. ताप उतरताच दोन-तीन संध्याकाळींत त्याने निबंध लिहून काढला आणि ज्याच्याविषयी अत्यंत आदर होता त्या डार्विनला पाठवून दिला.

डार्विन वीस वर्षे हाच विचार उराशी धरून बसला होता, पण त्याने तो छापला नव्हता. त्याचे आयुष्यभराचे काम परक्याच्या हस्ताक्षरात त्याच्या हाती आले. त्याच दिवसांत त्याचे तान्हे मूल वारले. लायेल आणि हुकर ह्या मित्रांनी मार्ग काढला : १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले गेले, आधी डार्विनचे आणि मग वॉलेसचे. वॉलेसला कोणी विचारले नाही. विचारणार तरी कसे? तो तेव्हा न्यू गिनीत होता, आणि पत्राला महिने लागत.

वॉलेसवर अन्याय झाला काय, ह्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला वाटते, झाला तो अन्याय पैशावाल्यांच्या आणि ओळखीपाळखीच्या जगात गरिबावर नेहमी होतो तसलाच होता. त्यात कट नव्हता. त्याला न विचारता त्याचे खासगी लेखन वाचले गेले, हे खरे. पण डार्विनची टिपणे जुनी होती, हेही खरेच. विशेष हे, की वॉलेसने जन्मभर तक्रारीचा शब्द काढला नाही. मलाया द्वीपसमूहावरील त्याचा १८६९ चा प्रसिद्ध ग्रंथ त्याने डार्विनलाच अर्पण केला, आणि १८८९ साली ह्या सिद्धांतावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याचे नावच ‘डार्विनिझम’ ठेवले. ह्याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही.

१८७६ साली त्याने प्राण्यांच्या भौगोलिक प्रसारावर दोन खंड लिहिले, आणि १८८० साली बेटांवरील जीवसृष्टीविषयीचा ग्रंथ. ह्या ग्रंथात त्याने बेटांची जात लावली. काही बेटे खंडापासून अलीकडे तुटलेली, काही फार पूर्वी तुटलेली, आणि काही समुद्रातूनच वर आलेली, खंडाशी कधीही न जोडलेली. ह्या तिसऱ्या प्रकारच्या बेटांवर मूळचे बेडूक नसतात, चार पायांचे सस्तन प्राणीही नसतात. वटवाघळे मात्र असू शकतात. देवाने प्रत्येक बेटासाठी प्राणी निर्माण केले असतील तर त्याने दूरच्या बेटांवर फक्त वटवाघळेच का निर्माण करावीत, असा खोचक मुद्दा डार्विनने १८५९ सालीच काढला होता. उत्तर एकच : जे उडू शकले ते पोहोचले.

मादागास्करचा प्रश्नही त्याने असाच हाताळला. तेथे हिंदुस्थानशी नाते सांगणारे प्राणी आहेत म्हणून हिंदी महासागरात लेमूरिया नावाचे अख्खे खंड बुडाले असावे असे त्या काळी अनेक विद्वान मानत. वॉलेसने हे बुडालेले खंड साफ नाकारले. मध्ये पूर्वी आणखी मोठी बेटे असली म्हणजे पुरे, त्यांवरून टप्प्याटप्प्याने प्रवास झाला असेल, असे त्याने दाखवले.

आपल्या वडावर लोंबणाऱ्या मोठ्या वटवाघळाचे भाऊबंद मालदीव, मादागास्कर, कोमोरो, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या पेंबा व माफिया बेटांवरही आहेत. पण आफ्रिकेच्या भूमीवर ह्या कुळातले एकही नाही. माफियाहून किनारा वीस-एक किलोमीटर! अलीकडे, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ह्या बेटांवरील वटवाघळांच्या डी.एन.ए.ची तुलना झाली. पूर्वेकडून ती एकदाच नव्हे, अनेकदा आली, आणि नवल असे की दूरच्या बेटांवर आधी पोहोचली, असे त्यातून दिसते. खंड बुडालेले नाही. बेटांवरून बेटांवर, वाऱ्याबरोबर, प्रवास झाला.

वॉलेसच्या स्वतःच्या रेषेवरही अशी तपासणी झाली आहे. पेरू-केळ्यांच्या बागांत रात्री धाड घालणारे लहान फळखाऊ वटवाघूळ आपल्या ओळखीचे आहे. त्याचे एक भावंड लोंबोकपासून पूर्वेकडच्या बेटांवर राहते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरनिराळ्या बेटांवरील ह्या वटवाघळांच्या प्रथिनांतील आनुवंशिक फरक मोजले गेले. दोन बेटांमधील समुद्र जितका रुंद तितका फरक अधिक, आणि त्यात हिमयुगातील समुद्राची रुंदीही धरावी लागते, असे आढळले. म्हणजे पंखवाल्यालाही समुद्राचे कुंपण असतेच, फक्त ठेंगणे असते. क्वचित कोणी ते ओलांडतो आणि मग त्याची लेकरे त्या बेटाची होऊन जातात. हवाईच्या बेटांवर, जवळच्या खंडापासून सुमारे ३,७०० किलोमीटरवर, अमेरिकेतल्या एका वटवाघळाचे वंशज आहेत, आणि तेही एकाहून अधिक वेळा आले असे त्यांच्या डी.एन.ए.वरून दिसते.

परत आल्यावर वॉलेसचा संसार कसा झाला ते थोडक्यात सांगतो. १८६६ साली ॲनी मिटन हिच्याशी लग्न झाले. तीन मुले झाली, थोरला सहा वर्षांचा असताना गेला. संग्रह विकून आलेले पैसे त्याने रेल्वे आणि खाणींच्या समभागांत घातले आणि वडिलांप्रमाणेच घालवले. कायमची नोकरी त्याला कोणी दिली नाही. १८७० साली पृथ्वी सपाट आहे असे म्हणणाऱ्या हॅम्डन नावाच्या इसमाने ५०० पौंडांची पैज लावली. वॉलेसने एका सरळ कालव्यावर मोजणी करून पाण्याचा फुगवटा दाखवून दिला, आणि पैज जिंकली! पण तो इसम पुढे कित्येक वर्षे त्याला शिवीगाळीची पत्रे पाठवत राहिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जिंकणाराच पैशाने बुडाला. शेवटी डार्विनने खटपट केली आणि १८८१ पासून वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन त्याला मिळू लागले.

त्याच्यात दोष नव्हते असे नाही. भुताखेतांच्या बैठकांवर त्याचा विश्वास बसला, देवीच्या लसीला त्याने कडाडून विरोध केला, आणि दोन्हींत तो चुकला. जमीन राष्ट्राच्या मालकीची असावी असेही तो सांगत राहिला. दुसऱ्यांच्या जमिनी मोजून ज्याने पोट भरले त्याला हे सुचावे यात मला तरी नवल वाटत नाही. १९०८ साली राजाने ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिले. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ब्रॉडस्टोन येथील राहत्या घरी तो वारला. त्याच्या थडग्यावर पुतळा नाही, दगड झालेल्या प्राचीन झाडाचे खोड उभे आहे.

अलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. १८६२ साली सिंगापुरात निरोप घेताना वॉलेसने त्याला पैसे, दोन बंदुका आणि बरेच सामान दिले, आणि त्याचे छायाचित्र काढून घेतले. १९०५ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात ते छापलेले आहे. दोनच वर्षांनी, १९०७ साली, टॉमस बार्बर हा तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तर्नातेच्या रस्त्याने पत्नीसह चालला होता. डोक्यावर विटक्या निळ्या रंगाची टोपी घातलेला एक सुरकुतलेला मलायी म्हातारा त्याच्या वाटेत येऊन उभा राहिला, आणि त्याने आपले नाव सांगितले : अली वॉलेस. बार्बरने ही भेट पत्राने इंग्लंडला कळवली. उलट टपाली म्हाताऱ्या वॉलेसचे पत्र आले, अलीच्या आठवणींनी भरलेले.